सर्व्हरला वाहिलेली हळद

दोन हजार दोन सालचा दसरा नुकताच झाला होता. चांदवडला तेव्हा ऊन असं, की कांदे साठवणीच्या चाळीतच भाजून निघायचे – हसू नका, मी मीठ लावून खाल्लेत!

माझं घड्याळाचं दुकान, आणि त्याच्या माडीवर यादवचा कॉम्प्युटर क्लास. नाशिकच्या एसटीतून एक मुलगी उतरली, स्क्रू-ड्रायव्हर केसांत खोचलेला. "काका, सर्व्हर आजारी पडलाय तो क्लास कुठंय?"

ती ज्योत्स्ना, नाशिकहून धाडलेली दुरुस्तीवाली. मीही मागोमाग वर गेलो. घड्याळं काय, थांबतात.

लिनक्सवर चालणारा तो काळा डबा सुरू व्हायचा, पण नेटवर्कवर त्याला पत्ताच मिळेना. आणि पत्ता नाही, तर बाकीची दहा कॉम्प्युटरं त्याला ओळखच देईनात. क्लास तीन दिवस बंद.

ज्योत्स्नानं मागची वायर उपसली... वास घेतला.

"यादवसर, इथं हळद कुणी घातली?"

यादव कुंकवासारखा लाल. खंडेनवमीला त्याच्या आईनं, धोंडाबाईनं, यंत्राची पूजा केली होती. दिसेल त्या भोकात चिमूटभर.

"मंग?" धोंडाबाई दारातून म्हणाली. "देवाला निवद दावताना तोंडाबाहेर ठिवत्यात का?"

ज्योत्स्ना हसली. त्या हसण्यानं माझ्या दुकानातली अकरा बंद घड्याळं चालू झाली. बारावं गिऱ्हाईकच घेऊन गेलं होतं.

तिनं ब्रशनं हळद झाडली, पत्ता मागायची एक ओळ टाइप केली. पत्ता मिळाला – आणि यादवचा चेहरा उतरला. आता ही परत कशाला येते?

पण पुढच्या गुरुवारी फोन गेलाच. "मॅडम... परत पत्ता नाही."

असे सात गुरुवार. दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची. मग दोन तास चहा, सीताफळं, आणि एकमेकांकडे न बघण्याची कसरत.

सातव्या गुरुवारी ती म्हणाली, "पुढच्या वेळी दुसरं कुणी येईल. मला पुण्याला नोकरी लागलीय."

यादवच्या हातातलं सीताफळ तसंच राहिलं. "दुसरं कुणी नको... दुरुस्ती मला येते."

"कधीपासून?"

"दुसऱ्या गुरुवारपासून. सकाळी तुमची ओळ टाकतो, मुलांचा तास घेतो. तुमची एसटी दिसली, की वायर काढतो."

"लबाड! आणि पत्ता बरोबर आठवड्यानंच का जातो, हे नाही विचारलंत?"

"का?"

"मिळतोच आठवड्यापुरता. मुदत संपायच्या आत सर्व्हरनं आपणहून परत मागायचा असतो." ती खिडकीबाहेर बघू लागली. "त्याचं ते मागणं... मी पहिल्याच दिवशी बंद करून ठेवलं होतं."

खाली एसटीचा हॉर्न वाजला.

"जाऊ?"

"ही चुकवा," यादव म्हणाला.

तिनं ती चुकवली. पुढची मीच खाली जाऊन, 'जा, जा' असा हात करत, न थांबवता पुढं काढली.

पुण्याला ती गेलीच. मग दर गुरुवारी यादव पुण्याच्या एसटीत, मांडीवर सीताफळांची पिशवी. हंगाम संपला तरी पिशवी भरलेलीच असायची, कुठून आणायचा देव जाणे.

पुढच्या खंडेनवमीला पूजेचं ताट नव्या सुनेच्या हाती आलं. धोंडाबाई बजावत होती, "भोकात नको गं घालू, शिकले ना मी?"

ज्योत्स्नानं डब्याच्या डोक्यावर हळद वाहिली. यादवकडे पाहिलं. आणि सासूची पाठ वळताच, चिमूटभर... मागच्या भोकातही.