करवतीचा कल

लोकांच्या भिंतीवर फोटो असतात, आमच्या शेडच्या भिंतीवर जुने चेनसॉ. भंगारात गेलेल्या या इंजिनाच्या करवती बाबा घरी आणतात, खोलतात, पुसतात आणि पुन्हा गुरगुरायला लावतात. आणतात कसले, आणायचे. इतकी वर्षं त्यांची थरथर सोसून हल्ली बाबांची बोटं पांढरी पडतात, हातातून पाना निसटतो. "थकलो गं," म्हणतात आणि स्टुलावर बसून राहतात.

"दुपारी भंगारवाला येतोय," आई म्हणाली. "एकदाची सुटका!"

"आणि मी काय शोभेला आहे?" नुकताच मी एकटीनं कार्बोरेटर खोलून जोडला होता, आणि एकही स्क्रू उरला नव्हता! "मी सांभाळीन शेड."

बाबा थकलेलं हसले. "ओंडक्यातून एक काप सरळ काढून दाखव. त्याला परत पाठवतो."

मी सगळ्यात शेवटी आलेली लाल करवत उचलली. काप डावीकडे वळला, पार केळ्यासारखा.

"एका बाजूचे दात बोथट असतील," बाबा म्हणाले. कानस मारताना नवशिके हीच चूक करतात, हाताला सोयीची बाजू जास्त घासतात. मी दात न् दात सारखा केला. काप डावीकडेच. कोरी साखळी चढवली. डावीकडेच. साखळी ज्यावरून फिरते ती पट्टी उलटी करून बसवली. तरी तेच. माझे हात भरून आले, घामानं चष्मा नाकावरून घसरायला लागला.

"राहू दे बाळा," डावीकडून बाबा म्हणाले. ऊन डोळ्यांवर आलं तसं त्यांनी स्टूल उचलून उजवीकडे ठेवलं.

पुढचा काप उजवीकडे वळला.

मी करवत बंद केली. बाबांच्या स्टुलाकडे पाहिलं.

"बाबा, जरा दाराशी बसता?"

"आता काय नवीन?" पण बसले, माझ्या पाठीमागे.

मी पुन्हा सुरू केली. काप खाली जाईचना. करवत मुठींतून मागे ओढ घेऊ लागली, दाराच्या दिशेनं.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. "अगं, आवरा!" आई ओरडली.

"बाबा, ओंडक्याच्या पलीकडे. अगदी माझ्या समोर. लांब बसा हं, खूप लांब."

बाबा पलीकडे जाऊन बसले. मी करवत टेकवली.

काप सुतात सरळ उतरला.

"जिंकलीस की गं!" म्हणत आई टेम्पोला परत पाठवायला धावली. एरवी मी शेड डोक्यावर घेतली असती. मी फक्त करवत खाली ठेवली, स्विच बंद केला, स्पार्क प्लगची वायरही काढली. भुसा हळूहळू खाली बसत होता. कुठेच काही आवाज नव्हता.

बाबांचे डोळे मिटलेले होते.

"इतक्यात बंद नको करूस," ते म्हणाले. "गुरगुरतेय तोवर बरं वाटतंय."

आणि त्यांनी स्टूल करवतीकडे ओढलं.