पांढऱ्या बीबामचा वाफा

खेमसिंगने तिसरं रोप उपटलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "हात तोडीन!"

तो दचकून वळला. हातात झारी घेऊन एक मुलगी उभी होती. एकवीस-बावीस वर्षांची, पदर कमरेला खोचलेला, पाय घोट्यापर्यंत चिखलाने माखलेले.

"काय करून राह्यले तुमी?"

"तण काढून राह्यलो."

"तण? शेती खात्याचे ना तुमी?"

"हो."

"मंग नोकरी कोणं देल्ली तुमाले?"

खेमसिंगला हसू आलं. तिला आलं नाही.

१९६१ सालचा ऑगस्ट होता. यवतमाळच्या गावाबाहेरचा तो बंगला शेती खात्याच्या कचेरीसाठी नुकताच भाड्याने घेतला होता. त्याआधी वीस वर्षं तिथे एक परदेशी नर्सबाई राहायची. सगळे तिला मिससाहेब म्हणत. ती आपल्या देशी परत गेली, आणि तिचा माळी बापूजी कचेरीने ठेवून घेतला. पण बापूजीच्या डोळ्यांना आता उजेड आणि सावली एवढंच कळायचं. त्यामुळे त्याचं काम त्याची मुलगी करायची. ती ही, भागीरथा. खेमसिंगला तिथे नोकरीला लागून आठ दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब येणार म्हणून वाफा साफ करायला त्याला सांगितलं होतं.

भागीरथाने उपटलेल्या रोपाचं एक पान चुरगळून त्याच्या नाकाशी धरलं. "घ्या वास."

ओवा... आणि मागून संत्र्याची साल.

"काय हाय हे?"

"बीबाम. मिससाहेबाच्या देशातलं. एकडाव लावलं की वर्षानुवर्षं राह्यते. पांढरं फूल येते म्हणे, आन मधमाशा येड्यावानी येतात म्हणे."

"म्हणे?"

"चार वर्षं झाले, एक फूल आलं नाही." तिने रोपं मोजली. "आठ होते. आता पाच."

खेमसिंग खाली बसला. दोन रोपं त्यानेच पुन्हा मातीत दाबून लावली. तिसऱ्याचं मूळ तुटलं होतं. ते त्याने ओल्या रुमालात गुंडाळलं.

"हे मले द्या. आमच्या तांड्यावर विहिरीपाशी लावतो. जगलं तर सांगीन."

"आन मेलं तर?"

"तरी सांगीन."

त्याचा तांडा दिग्रसपासून तीन मैलांवर होता. तांड्यातला पहिला मॅट्रिक झालेला मुलगा तो. दर शनिवारी एस. टी.ने घरी जायचा, सोमवारी सकाळी परत यायचा आणि कचेरीत शिरण्याआधी वाफ्यापाशी थांबून तांड्यावरच्या रोपाची खबर द्यायचा. दोन पानं आली. मग चार. मग विहिरीवरच्या शेळीने त्यातलं एक खाल्लं...

एका सोमवारी तो नुसताच उभा राहिला. "या खेपेस काहीच नवीन नाही."

"मंग कायले आले?"

"नवीन नाही, हे सांगाले."

भागीरथाने मान खाली घातली आणि नको तिथे खुरपं चालवलं.

पाऊस सरताना बीबामच्या पानांवर बुरशीची पांढरी भुरी पडली. खेमसिंगने दाट वाढलेल्या काड्या कापून मोकळ्या केल्या. "वरून पाणी नका टाकू. पानं ओले राहिले की भुरी धरते. बुडाशी द्या. आन मधून हवा जाऊ द्या."

ती झारीकडे बघत राहिली. "चार वर्षं मी वरूनच देत होती. मीच मारून राह्यली होती काय?"

"मारलं कुठं? जगवलं तुमीच. फकत फुलू देल्लं नाही."

हे बोलून तो घाईने कापलेल्या काड्या गोळा करायला लागला. तिने झारीचं तोंड एका रोपाच्या बुडाशी टेकवलं.

मे महिन्यात बंगल्याची विहीर आटली. भागीरथा दूरच्या नळावरून बादल्या वाहायची, तरी रोपं एकेक करून वाळली. रोज संध्याकाळी बापूजी विचारायचा, "बीबाम कसं हाय?" आणि ती म्हणायची, "चांगलं हाय, बाबा."

हे तिने खेमसिंगला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. बोटांनी एका वाळलेल्या काडीचे तुकडे करत राहिली, काडी संपेपर्यंत.

पुढच्या सोमवारी तो ओलं पोतं घेऊन एस. टी.तून उतरला. आत मुळांसकट चार गड्डे होते.

"आंब्याच्या सावलीत हाय ना आमचं, चांगलं पसरलं. त्यातलेच फोडून आणले. आईनं तर ओवा समजून पानं वरणात टाकले होते."

भागीरथा मोठ्याने हसली. तिला असं हसताना तो पहिल्यांदाच बघत होता, आणि पोतं तिच्या हातात द्यायचं विसरला.

त्या संध्याकाळी तिने बापाला खरं सांगितलं.

"मले मालूम होतं," बापूजी म्हणाला. "वास बंद झाल्ता." मग थोडं थांबून, "आन आज वास आला, तो कोणाच्या घरचा?"

"खेमसिंगच्या."

बापूजीने मान हलवली.

दिवाळी झाली आणि नेरहून भागीरथाला बघायला माणसं आली. सोमवारी खेमसिंग वाफ्यापाशी आला तसं तिने सरळ सांगून टाकलं.

"नेरचे लोक पाहून गेले मले."

"मंग?"

"त्यायले पसंत हाय."

"आन तुमाले?"

"मले कोणी इचारलं नाही."

"मी इचारून राह्यलो..."

ती खुरप्याची माती पुसत होती. पुसून झाली तरी पुसतच राहिली.

"मले सोमवार पसंत हाय," ती म्हणाली.

खेमसिंगचे कान लाल झाले. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, पण तिने हात वर केला. "थांबा. बाबाले सोडून मी कुठीच जाणार नाही. नेरले नाही आन तुमच्या तांड्यावर बी नाही. हे आधी ऐका."

"मी कुठं या म्हणलं? नोकरी इथं हाय माही. मीच येतो."

नेरला तिने स्वतःच नकार कळवायला लावला. पण खेमसिंगचं नाव काढलं तेव्हा बापूजी ऐकेना. "पोरगा चांगला हाय, मी नाही कुठं म्हणतो? पण जात दुसरी, बोली दुसरी. आपले लोक दारात उभे राहाचे नाहीत."

तिकडे खेमसिंगच्या आईने, सुखीबाईने, त्याच्याशी बोलणंच टाकलं. शनिवारी ताट वाढायची आणि पाठ फिरवून बसायची. दोन महिने असेच गेले. सोमवारी तो यायचा, दोघं वाफ्यापाशी उभे राहायचे आणि पानांबद्दल बोलायचे. दुसरं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

जानेवारीत एका सोमवारी तो बस थांब्यापासून पळतच आला. "तांड्यावरचं फुललं!"

बापूजी ओट्यावर बसला होता. त्याने ऐकलं. "खरंच पांढरं?"

"पांढरंधोप, बापूजी."

"मले न्या तिकडं." भागीरथाने चमकून पाहिलं, तसा तो पुढे म्हणाला, "लग्नाचं बोलाले नाही जाऊन राह्यलो. फुलासाठी."

रविवारी तिघं दिग्रसला उतरले आणि तिथून बैलगाडीने तांड्यावर गेले. दंडापर्यंत बांगड्या, आरशांची चोळी, अशी सुखीबाई दारात उभी होती. "आव, बेस," या, बसा, असं ती बापूजीला आपल्या बोलीत म्हणाली. भागीरथाकडे तिने एकदाच पाहिलं. मग बापूजीच्या काठीचं टोक धरून तिनेच त्याला विहिरीपाशी नेलं.

बापूजीने हळूच एका फुलावर हात ठेवला. पाकळ्या बारीक, लांब, चारी बाजूंना गेलेल्या. "झिपरं हाय," तो म्हणाला. "कोणी फणीच केली नाही याले." त्याच्या बोटांवरून मधमाशा चालत होत्या.

"चावतील ना!" सुखीबाई म्हणाली.

"काम करून राह्यल्या त्या. कायले चावतील? कोणं वाढवलं हे?"

"मीनंच. पोरगा नुसता शनवारी येते आन पाहून जाते."

बापूजी हसला आणि मग गंभीर झाला. "बाई, एक सांगतो. हे लग्न मले पसंत नाही."

"मले बी नाही!" सुखीबाईला एकदम मोकळं वाटलं. "आमच्या बोलीत गाणे म्हणणारी सून पाह्यजे होती मले."

"आन मले आपल्या जातीतला जवाई."

दोघांनी एकदमच सुस्कारा सोडला. विहिरीच्या पलीकडे उभ्या असलेल्या भागीरथाने ते ऐकलं. ती गाडीकडे वळली.

"आन हा म्हणते, यवतमायलेच राहीन," सुखीबाईचा आवाज आला. "मंग सणाले कोण येईन माह्याकडं?"

"येतील ना. दिवायी तुमच्या घरी."

"आन होळी?"

"होळी माह्याकडं."

"वा रे वा! होळी तर आमची मोठी! होळी मी देणार नाही."

"मंग दिवायी बी भेटणार नाही!"

भागीरथा जागीच थांबली. खेमसिंग जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "हे काय करून राह्यले?"

"आपली वाटणी."

"म्हणजे... हो म्हणले?"

"म्हणले नाही अजून." तिने त्याच्या सदऱ्याची बाही धरून त्याला विहिरीच्या दगडावर शेजारी बसवलं. "बसा. होळीवर अडलं हाय."