साधा चमचा

पेमाताईंच्या दुकानात बसलं की पहिला प्रश्न तिखटाचा नसे. "साधा चमचा की वाचक?" असं त्या आधी विचारत. नाशिकमधलं ते स्वस्त नूडल्सचं दुकान, जेमतेम सहा टेबलांचं. पण वर्षभरापासून तिथेही वाचक चमचे आले होते. खाताना लाळ चमच्याला लागे, आतली पट्टी तिच्यातली प्रथिनं ओळखे, आणि पुढे विस्मरणाचा आजार जडण्याची शक्यता किती, ते सूप संपेपर्यंत गिऱ्हाइकाच्या फोनवर येई. ती पट्टी हेमांगी खांबेटेने शोधली होती.

"साधा," समोर बसलेला तिचा थोरला भाऊ म्हणाला. मग तिच्याकडे बघून हसला. "राग मानू नकोस हेमे. मला नाही जाणून घ्यायचं."

श्रीरंग भूमापन खात्यातून निवृत्त झालेला. नकाशात नुसते आकडे असलेल्या शेतांना गावकरी काय म्हणतात, ते तो पेठ-सुरगाण्याकडच्या वाड्यावस्त्यांवर फिरून लिहून घेत होता. चारशेवर नावं जमली होती, पुस्तक करायचं होतं. थुक्प्याच्या गरम सुपातल्या नूडल्स फुंकत त्याने 'रुसलेली पट्टी' या शेताची गोष्ट सांगितली. दोन जावांचं भांडण झालं, आणि त्या वर्षी तिथे नागलीचं पीकच उगवलं नाही म्हणे. हेमांगी प्रयोगशाळेतून येणाऱ्या निरोपांना उत्तरं देत हुंकार भरत होती.

दहा मिनिटांनी त्याने तीच गोष्ट पुन्हा सांगितली. जवळपास त्याच शब्दांत.

तिने फोन खाली ठेवला. तो हात धुवायला उठला, तेव्हा त्याचा चमचा तिने कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला. माणसाच्या संमतीशिवाय तपासायचं नाही, हा नियम तिनेच लिहिला होता.

प्रयोगशाळेतून उत्तर दोन दिवसांत आलं. दहांत सात. आठवडाभर तिला झोप लागली नाही. औषध नव्हतं, पण निदान कामं तरी उरकून घेता येतील, असं तिने स्वतःला समजावलं आणि त्याच्या घरी जाऊन सांगून टाकलं.

"मी साधा मागितला होता ना?" एवढंच तो म्हणाला.

त्यानंतर तो लिहिलेली नावं पुन्हा पडताळायला निघाला. एखाद्या म्हातारीने वेगळं नाव सांगितलं, की चूक तिची की आपली, हे त्याला ठरवता येईना. पूर्वी चष्मा सापडला नाही तर घरभर हसत फिरणारा हा माणूस आता घाम पुसत बसतो, असं वहिनीने फोनवर कळवलं. दिवाळीपर्यंत वह्या माळ्यावर गेल्या. त्या खाली काढायला हेमांगीने परोपरीने विनवलं, पण त्याने विषय बदलला.

अशी चार वर्षं गेली. श्रीरंगच्या नव्या तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्ती वयाच्या मानाने उत्तम आहे. दहांतल्या उरलेल्या तिघांना आजार होतच नाही, हे हेमांगीने व्याख्यानांत शेकडो वेळा समजावलं होतं. पण त्या तिघांनी मधली वर्षं कशी काढायची, हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याच्या ओसरीवर बसून तिने धीर करून विचारलं, "दादा, ती रुसलेल्या पट्टीची गोष्ट तू दोनदा का सांगितलीस?"

"पहिल्यांदा तू हसली नाहीस," तो म्हणाला. "फोनमध्ये होतीस. म्हटलं, ऐकलीच नसेल."

आतल्या माळ्यावर चारशे शेतांची नावं पडून होती. ती सांगणारी निम्मी माणसं एव्हाना गेली होती.

श्रीरंगने तिच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. "आपले आई-बाप एकच," तो म्हणाला. "तू स्वतःची चाचणी केलीस का गं कधी?"

तिने केली नव्हती. अठरा शहरांत चमचे पोचवले होते, पण स्वतःच्या ओठाला एकही लावला नव्हता. हे आता त्याला सांगायचं का?