धाकट्याची बशी

प्रयोगशाळेतल्या बशांना रोज सकाळी खाऊ घालावं लागतं. तिथली माणसं तसंच म्हणतात, ‘खाऊ घालणं’. झाकणाच्या, आरपार दिसणाऱ्या छोट्या बशा. तळाशी दुधावरच्या सायीसारखा पातळ पापुद्रा आणि वर गुलाबी द्रव. शिळा द्रव हलक्या हाताने ओढून घ्यायचा, ताजा कोमट करून सोडायचा आणि बशी परत इन्क्युबेटरच्या उबेत ठेवायची. याला रविवार नाही, पाहुणे नाहीत, डोकेदुखी नाही. ताई हे काम वर्षानुवर्षं करत आली होती. तिला सगळेच ताई म्हणत, अगदी विभागप्रमुखसुद्धा, आणि ते तर तिच्याहून वयाने मोठे होते.

तो पापुद्रा म्हणजे किडनीचा तुकडा. माणसाच्या रक्तातल्या पेशी घ्यायच्या, त्यांना चुचकारत पार त्यांच्या बालपणात न्यायचं आणि मग पुन्हा वाढवताना किडनी व्हायला लावायचं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात बारीक बारीक नळ्या दिसायच्या, लोकरीच्या गुंड्यासारख्या एकमेकींत गुंतलेल्या. ज्यांच्या किडन्या काही कारण नसताना निकामी होत जातात, अशा लोकांवर हे संशोधन चाललं होतं. त्यांना ना मधुमेह, ना रक्तदाब, ना मुतखडा. फाइलवर कारणाच्या रकान्यात ‘अज्ञात’ लिहिलेलं. त्या शब्दाचा ताईला मनस्वी राग यायचा, कारण तोच शब्द तिच्या धाकट्या भावाच्या फाइलवरही होता.

भावाला घरात ढब्बू म्हणत. लहानपणी तो गोलमटोल होता म्हणून. आता शर्टाच्या कॉलरमध्ये त्याची मान हरवायची, पण नाव तेच राहिलं. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा. इतकी वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून हा माणूस धडधाकट उरला आणि आतून किडनीने दगा दिला, याचं त्याला स्वतःलाच हसू यायचं.

“माझ्या पायाशी वेगळा ब्रेक असतो ताई,” तो म्हणायचा. “समोरच्याचं चुकलं की मी दाबतो. तसा इथे कुठे बसवता येईल का बघ.” असं म्हणून तो कमरेवर टिचकी मारायचा.

ताई हसायची नाही. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की असंच घसरत राहिलं तर वर्ष संपायच्या आत डायलिसिस लागेल. तिने आपली किडनी देऊ केली होती. तपासण्या झाल्या आणि जुळत नाही असं कळलं. सख्खी बहीण, आणि जुळत नाही म्हणे! घरी येऊन ती भांडी आपटत राहिली होती. आता एकच वाट उरली होती. कारण सापडलं तर ते थांबवता येईल. नाही सापडलं तर ढब्बू हातचा जाणार.

म्हणून तिने विभागप्रमुखांच्या मागे लागून भावाच्या रक्ताची एक बशी लावली. शेजारी तुलनेसाठी निरोगी माणसाची बशी हवी, ती तिने स्वतःच्या रक्ताची लावली. यात तिचा युक्तिवाद बिनतोड होता. एकच आईबाप, एकच घर, एकाच नळाचं पाणी. तो आजारी, ती ठणठणीत. मग दोघांत जो फरक असेल त्यातच कारण दडलेलं असणार.

“घरचं माणूस आहे, तुमचं मन वाहवेल,” प्रमुख म्हणाले. म्हणून नियमाप्रमाणे नावं झाकली. ते काम तिच्या सहकारिणीने केलं. भराभर बोलण्यामुळे तिला चिमणी म्हणत. चिमणीने एका बशीला निळी टिकली लावली, दुसरीला पिवळी, आणि कोणती कोणाची हे कुणाला सांगितलं नाही.

पण आजार काही झाकून राहत नाही. निळ्या टिकलीच्या बशीतल्या नळ्या पहिल्यापासूनच चपट्या, कडेला बुडबुडे, मधूनमधून राखाडी डाग. पिवळीतल्या मात्र टवटवीत. निळी ढब्बूची, हे ताईला पहिल्या नजरेत कळलं. तिने ते कुणाला कळू दिलं नाही. फक्त निळीला खाऊ घालताना तिचा हात अधिक हळू व्हायचा.

आणि ती तिच्याशी बोलायला लागली. शास्त्रज्ञ बाईने बशीशी बोलायचं म्हणजे हसं करून घ्यायचं, म्हणून आजूबाजूला कुणी नाही असं बघून. “काय रे, झोप झाली का?” असलं काहीबाही. एकदा ते राखाडी डाग फार पसरलेले दिसले तेव्हा तिला भरून आलं. झाकणावर बोट ठेवून ती म्हणाली, “पुरे झालं तुला. दे इकडे. मी घेते.”

त्यानंतरच्या दिवसांत निळीतले डाग फिके होत गेले.

आधी तिला वाटलं, डोळे दमलेत. मग नळ्या फुगून गोल व्हायला लागल्या आणि बुडबुडे विरले. तिचा जीव हरखला. मग सवयीने तिने पिवळी भिंगाखाली धरली. पिवळीतल्या नळ्या चपट्या झाल्या होत्या. कडेला बुडबुडे आले होते.

चिमणीने दोन्ही बशा पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. “अगं, टिकल्या मी झाकणांवर लावल्या! खाऊ घालताना तू दोन्ही झाकणं काढलीस आणि परत ठेवताना अदलाबदल झाली, बस्स. नवशिक्यांना आपण हेच सांगतो, टिकली बशीला लावा, झाकणाला नको. आणि मीच माती खाल्ली.”

ताईचा जीव भांड्यात पडला. चिमणीने खात्रीसाठी दोन्हींतल्या थोड्या थोड्या पेशी तपासायला दिल्या. निळी पुरुषाची निघाली, पिवळी बाईची. झाकणं जागच्या जागी होती.

“मग खाद्यात काहीतरी असेल,” चिमणी म्हणाली. त्यांनी बाटल्या बदलल्या. पिवळी उचलून दुसऱ्या खोलीतल्या इन्क्युबेटरमध्ये ठेवली. ती तिथेही बिघडत राहिली. चिमणीची बडबड त्या दिवसांत बरीच कमी झाली.

ढब्बूचा फोन आला तेव्हा ताई हात धुत होती.

“ताई, लॅबवाल्यांचं मशीन बिघडलंय. क्रिएटिनिन उतरलंय म्हणतात, किडनी सुधारतेय म्हणे.”

“पुन्हा करून घे.”

“तेच पुन्हा केलं. डॉक्टर माझ्याकडे असे बघत होते, जणू मी कॉपी करताना सापडलोय. म्हणाले, पाणी जरा वाढवा. ताई, मी आत्ता पेलाभर पाणी प्यायलो. अख्खा पेला! घोट मोजले नाहीत.”

तो हसत होता आणि हसता हसता त्याचा आवाज मध्येच बसला. ताईने नळ तसाच चालू ठेवला, म्हणजे आपलं रडणं त्याला ऐकू जाणार नाही.

त्याच आठवड्यात तिने आपलं रक्त तपासायला दिलं, दूरच्या एका लॅबमध्ये. निकाल काय येणार हे तिला ठाऊक होतं. लघवीला फेस येत होता, सकाळी पापण्या जड असायच्या, तोंडाला धातूची चव यायची. कागद हातात घेऊन ती लॅबबाहेरच्या बाकावर बसली. तिला भीती वाटली, हे खरंच. पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं आणि ते ओळखायला तिला थोडा वेळ लागला. तो आनंद होता. जे जुळत नाही म्हणून डॉक्टरांनी परत पाठवलं होतं, ते कुणीतरी तिच्याकडून घेतलं होतं.

तिने कुणालाही सांगितलं नाही. पाणी मोजून प्यायला लागली, मीठ तोडलं. चिमणी एकदा म्हणाली, “ताई, दोन्ही टाकून देऊ आणि नव्याने लावू. मला हे बरं वाटत नाही.” त्यावर ताई इतक्या जोरात ‘नाही’ म्हणाली की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

पण जो स्वतः त्या वाटेने जाऊन आलाय त्याच्यापासून किती लपणार? एका संध्याकाळी ढब्बू शिकवणीची गाडी घेऊन तिला न्यायला आला. छपरावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी, तो खुशीत, अंगावर थोडं मांस चढलेलं. ताईने पाय मोकळे करायला चपला काढल्या. त्याने सहज खाली पाहिलं आणि गाडी बाजूला घेतली.

तो वाकला आणि त्याने तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

“कधीपासून?”

“उभं राहून राहून येते रे सूज.”

“ताई, मी तीन वर्षं हा खळगा रोज बघितलाय. मला शिकवू नकोस.” त्याचा आवाज अगदी हळू होता. “मी बरा होतोय आणि तुला हे होतंय. काय केलंस तू?”

“काही केलं नाही. नुसतं म्हणाले.”

“काय म्हणालीस?”

तिने सांगितलं. तो हसेल असं तिला वाटलं होतं. त्याने गाडी वळवली आणि सरळ प्रयोगशाळेच्या दाराशी आणून उभी केली.

आत चिमणी आवराआवर करत होती. ताईने दोन्ही बशा काढून टेबलावर ठेवल्या. ढब्बूने दोन्ही हात पाठीमागे बांधले, काचेच्या दुकानात शिरलेल्या माणसासारखे.

“यातली माझी कोणती?”

“निळी.”

त्याने निळी भिंगाखाली पाहिली. बराच वेळ पाहिली. मग पिवळी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

“हे माझं आहे,” तो पिवळीकडे बघत म्हणाला. “हिच्याकडे कसं आलं?”

“ढब्बू, तू बरा होतोयस. राहू दे.”

“तू गप्प बस.” लहानपणापासून तो तिला असं कधी बोलला नव्हता. त्याने पिवळीच्या झाकणावर हलकेच तर्जनी टेकवली. तोंडाने तो काहीच बोलला नाही. नुसता उभा राहिला. चिमणी त्याला बोट काढायला सांगणार होती, पण तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणीने ताईला हाक मारली तेव्हा तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

पिवळ्या बशीत मधोमध एक रेघ उभी होती. रेघेच्या एका बाजूला चपट्या, राखाडी नळ्या. दुसऱ्या बाजूला टवटवीत, गोल. निळीतही तसंच. सुरीने कापल्यासारखं.

“ताई,” चिमणी कुजबुजली, “आजारी आणि निरोगी असं एकाच पापुद्र्यात कुणी कधी पाहिलेलं नाही. कारण इथे आहे. या रेघेवर. इथे कापून पाहिलं तर कळेल.”

याच कारणासाठी ताईने अर्धं आयुष्य घालवलं होतं. तिने कापायचं पातं हातात घेतलं आणि पुन्हा ठेवून दिलं.

“थांब जरा. ती रेघ तू आलीस तेव्हाही इथेच होती का?”

चिमणीने आल्या आल्या काढून ठेवलेला फोटो पडद्यावर आणला. त्यात रेघ या जागी नव्हती. तेव्हा ती पिवळीच्या बरीच आत होती. आता आजारी बाजूच्या काठाकडे सरकली होती.

म्हणजे ताईच्या वाट्याचं कमी होत होतं.

ताई खुर्चीत बसली. दोघं लहान असताना पाण्याची बादली काठीला अडकवून आणायची. एक टोक तिच्या खांद्यावर, एक त्याच्या. बादली ज्याच्याकडे सरकेल त्याला भार जास्त. ती चालता चालता गुपचूप बादली आपल्याकडे ओढायची आणि थोड्या वेळाने बघावं तर ती त्याच्याकडे गेलेली असायची. त्यावरून दोघं रस्त्यात भांडायची आणि पाणी सांडायचं.

तिने त्याला फोन लावला. त्याने उचलला नाही.

तिने पिवळी भिंगाखाली घेतली आणि झाकणावर बोट ठेवलं.

“ढब्बू, सोड,” ती म्हणाली. “ऐक माझं. मी मोठी आहे.”

रेघ थांबली.

मग तिच्या डोळ्यांदेखत एक नळी गोल झाली.

तिने बोट घट्ट दाबलं. “सोड म्हणते ना.”

क्षणभर काहीच हललं नाही. 

मग शेजारची नळी गोल झाली, मग तिच्या पलीकडची. सावकाश, एकेक, न थांबता, रेघ काठाकडे सरकत गेली आणि भार त्याच्याकडे निघाला.