घंटेची जागा

परवानगी मागायला जाताना मी मिठाईचा एक लहान खोका नेत असे. कोबेत त्याशिवाय अनोळखी दारात उभं राहणं अवघड वाटायचं. खोका दोन्ही हातांनी पुढे करायचा, कमरेत वाकायचं, आधी हवेबद्दल बोलायचं, मग विद्यापीठाचं कार्ड द्यायचं आणि अगदी शेवटी सांगायचं, की तुमच्या जमिनीवर धातुशोधक फिरवायची परवानगी हवी आहे.

१९९५ सालचा शरद ऋतू होता. जानेवारीतल्या भूकंपात पडलेली बरीच घरं तोवर उचलून नेली होती. चढावरच्या गल्ल्यांमधून दोन घरं, मग एक रिकामी जागा, पुन्हा घर, अशी दात पडल्यासारखी रांग दिसे. जी घरं उभी होती त्यांच्या फुटक्या छपरांवर निळं प्लास्टिक ताणलेलं होतं. माझ्या नवऱ्याच्या, रणजितच्या नोकरीमुळे मी इथे आले होते. पुण्याची भूभौतिकीतली एम.एस्सी. पदवी होती, म्हणून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, मिळालं होतं. तिथे एक जुना धातुशोधक पडून होता. वसंतात एका सहकारी बाईंची अंगठी मी त्याने शोधून दिली आणि तेव्हापासून लोक विचारू लागले. लोखंडी तिजोरी, आजोबांचं पदक, एकदा नुसती किल्ली. मालक कुठे तात्पुरत्या वसाहतीत, कुठे नातेवाइकांकडे राहत. आधी मालक शोधायचा, मग वस्तू. रणजित म्हणायचा, "तुझं निम्मं संशोधन लोकांच्या दारातच होतं."

इथल्या मराठी ओळखीतल्या सुहासिनीताई ऑक्टोबरात माझ्याकडे आल्या. चहा निवत ठेवून त्या बराच वेळ कपाच्या कानाशी चाळा करत राहिल्या.

"केतकी, एक घंटा शोधायची आहे. माझ्या देवातली. पितळेची, एवढी."

त्या आणि त्यांचे यजमान विजयकुमार नादा भागात एका जुन्या लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत असत. खाली घरमालक नाकानिशी-सान एकटे. ऐंशी ओलांडलेले, गुडघ्यांनी अधू. काही लागलं तर वाजवा, म्हणून ताईंनी त्यांना आपली घंटा दिली होती. ते संकोची होते, फारशी वाजवत नसत. ताईंनी दिलेला डबा परत करायचा असेल तेव्हा मात्र नक्की वाजवायचे. डबा रिकामा कधीच यायचा नाही. आत मिकान, म्हणजे इथली लहान संत्री, वर फडक्याची गच्च गाठ.

त्या पहाटे खालचा मजला दबला आणि वरचा मजला त्याच्यावर जसाच्या तसा येऊन बसला. ताई आणि विजयकुमार खिडकीतून थेट रस्त्यावर उतरले.

"आणि घंटा वाजत होती," ताई म्हणाल्या. "खालून. थोडा वेळ. ह्यांच्या पायात काच गेली होती, गॅसचा वास सुटला होता. ह्यांनी मला ओढत नेलं. आता म्हणतात भास होता."

"असेलही, ताई."

"म्हणून तर आले तुझ्याकडे. रात्री झोपताना ते घंटा दारातल्या चपलांच्या कपाटावर ठेवायचे. मी पाहिलंय. ती तिथेच असेल तर मागच्या खोलीत झोपलेल्या माणसाला वाजवता येणार नाही. आणि मागच्या खोलीत असेल, तर..." त्यांनी कप बशीत ठेवला. "मला घंटा नको आहे गं. ती कुठे आहे तेवढं सांग."

डिसेंबरात ते दोघं कायमचे पुण्याला परतणार होते. त्याआधीच जागेवर डांबर घालून वाहनतळ होणार होता. यंत्रांनी ढिगारा उपसल्यावर वस्तू मूळ जागी राहत नाहीत, हे मी त्यांना सांगणार होते. पण जुन्या घरांत फळ्यांच्या खाली हातभर पोकळी आणि उघडी माती असते. जमीन फुटली की लहान, जड वस्तू तिथे रुततात, आणि यंत्र वरचा थरच खरवडतं. म्हणजे अशक्य नव्हतं.

जागा आता नाकानिशी-सानांच्या मुलीची होती. फुमिए-सान जवळच्या आकाशी गावात राहत. मी खोका पुढे केला, हवेबद्दल बोलले. घंटा शोधायची आहे एवढंच सांगितलं, कारण सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

"शोधा," त्या म्हणाल्या. "फक्त दारातून जा. बाबांना कुणी बाजूने आत शिरलेलं आवडायचं नाही. दारात हाक मारायची, ते येईपर्यंत थांबायचं. त्यांना उठायला वेळ लागायचा."

"दार राहिलेलं नाही," मी शक्य तेवढ्या मृदूपणे म्हणाले.

"फरशी आहे की," फुमिए-सान म्हणाल्या.

फरशी खरंच होती. घराच्या तोंडाशी चपला काढायच्या जागेची राखाडी फरशी आणि वर चढायची एक दगडी पायरी. बाकी सगळी सपाट माती. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा सामान जड होतं आणि कुंपणाची बाजू पडलेली होती. मी बाजूनेच आत गेले.

यंत्र चालेना. म्हणजे चालत होतं, पण हेडफोनमध्ये एकसारखी घरघर. या यंत्राचं तत्त्व साधं आहे. दांड्याच्या टोकाचं तारेचं वेटोळं जमिनीला विचारतं आणि धातू असला तर उत्तर देतो. इथे सगळी जमीन एकदम उत्तर देत होती. रस्त्यावर आणून तपासलं, तर यंत्र शांत. नाण्यावर नीट वाजलं. पुन्हा आत नेलं, घरघर. ओली माती, गंजलेल्या खिळ्यांचा चुरा, कारणं पुष्कळ असू शकतात. मी खुंट्या ठोकून जागेचे चौकोन पाडले आणि प्रत्येक खुंटीला ओळखीसाठी लाल पट्टी बांधली. पुण्याहून आणलेल्या माझ्या एका विरलेल्या सुती साडीचा रुईफुली काठ मी या कामासाठी फाडून ठेवला होता. तेवढं करून परतले.

दुसऱ्या खेपेला मी फरशीवर उभी राहिले. शेजारच्या गच्चीवर एक बाई गाद्या वाळत घालत होती. तिचं लक्ष नाही असं पाहून मी हळूच म्हटलं, "गोमेन कुदासाइ." घरात कुणी आहे का, म्हणून इथे अशीच हाक मारतात. मग पायरी चढले.

यंत्र शांत होतं.

चार कोरडे दिवस मधे गेले होते. वहीत मी ओलाव्याचा फरक अशी नोंद केली. खिळे, बिजागऱ्या, एक चमचा, कुलपाचा तुकडा, सगळे आपापल्या आवाजात बोलत होते. दाराजवळचे चौकोन मी आधी घेतले. चपलांचं कपाट जिथे होतं तो भाग मी तसूतसू पाहिला, कारण घंटा तिथे सापडावी असं मला वाटत होतं. मोजमाप करणाऱ्याने असं काही वाटून घ्यायचं नसतं. तिथे घंटा नव्हती.

पुढच्या खेपेला फरशीजवळच्या एका खुंटीची पट्टी गेलेली दिसली. खुंटी सरळ, दोरी ताणलेली, फक्त पट्टी नाही. वाऱ्याने इतरांचं काही झालं नव्हतं. मी दुसरी बांधली.

रणजितला सांगितलं तेव्हा तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, "घरमालकाने घरभाडं घेतलं असेल."

"रणजित."

"बरं, नाही बोलत. पण सुहासिनीताईंना घेऊन जा एकदा. खोल्या त्यांना माहीत. तू नुसती माती बघतेस."

ताई यायला तयार नव्हत्या. विजयकुमारांनीच त्यांना पाठवलं. "जाऊन ये," ते म्हणाले. "रात्री उठून बसतेस, त्यापेक्षा बरं." त्यांनी ते सहज म्हटलं, पण मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा हळू आवाजात विचारलं, "नाहीच सापडली तर? दारात सापडली, असं सांगाल?"

मी वाकून बूट घालू लागले.

त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. मागे रोक्को डोंगरावरची पानं पिवळी पडत होती. आम्ही दोघी फरशीवर उभ्या राहिलो. ताईंनी हाक मारली, नेहमी मारत असतील तशी, थोडी मोठ्याने, म्हाताऱ्या कानांना पोचेल अशी.

मग आम्ही थांबलो.

थांबायचं असं ठरलं नव्हतं. गुडघे अधू असलेल्या माणसाला आतल्या खोलीतून दारापर्यंत यायला जेवढा वेळ लागेल, तेवढं थांबलो. मग दोघींनी एकदमच पाय उचलला. कशावरून उचलला, ते मला सांगता येणार नाही. ताईंनी मात्र पायरीवर चढण्याआधी मान लववली होती.

"इथे जिना," त्या दाखवू लागल्या. "इथे स्वयंपाकघर. आणि ती मागची खोली." तिथे त्या गेल्या नाहीत. पायरीवर बसून राहिल्या.

मागच्या खोलीच्या कोपऱ्यात यंत्राने उत्तर दिलं. गोल, भरीव, स्वच्छ आवाज. मी वेटोळं आडवं नेलं, उभं नेलं. आवाज तिथेच होता.

मला विजयकुमारांचे शब्द आठवले. पण मी गुडघे टेकून बसले होते आणि कुठे बसले होते ते ताईंना दिसत होतं.

"तिथे त्यांची उशी असायची," त्या म्हणाल्या.

माती घट्ट होती. वरून दाबून बसलेली, एकसंध, आधी कुणाचा हात न लागलेली. खुरपं वीतभर आत गेल्यावर हिरवट कड दिसली. मी बोटांनी भोवताल मोकळा केला आणि घंटा उचलली.

ती वाजली नाही.

मी ती ताईंच्या हातात दिली. त्यांचा चेहरा मला पाहवत नव्हता, म्हणून मी घंटेकडेच पाहत राहिले. तेव्हा दिसलं. तिच्या तोंडात मातकट चिंधी कोंबलेली होती. लोलक आत घट्ट बसला होता आणि चिंधीची टोकं दांड्याभोवती फिरवून वर गाठ मारली होती.

ताईंचा अंगठा त्या गाठीवर थांबला.

"ही त्यांचीच गाठ," त्या म्हणाल्या. "डब्याला अशीच मारायचे. टोकं आत खोचलेली. सोडवताना माझी नखं तुटायची." बोलता बोलता त्यांचा आवाज बदलला. "रात्री बांधून ठेवत असणार. चुकून हात लागला तर आमची झोप मोडेल म्हणून. केतकी, बांधलेली घंटा वाजते का गं?"

"नाही."

"नक्की?"

"लोलक हलला नाही तर आवाज होत नाही, ताई."

"म्हणजे त्यांनी मला बोलावलं नाही."

"नाही बोलावलं."

त्या तिथेच पायरीवर बसून रडल्या आणि मधेच हसल्याही. "मेला संकोची म्हातारा," असं म्हणाल्या, अगदी घरच्या माणसाबद्दल म्हणावं तसं. मग दातांनी गाठ सोडवली, चिंधी ओढून काढली. माती गळाली आणि घंटा एकदा वाजली. लहानसा, नितळ आवाज. शेजारच्या गच्चीवरच्या बाईने वळून पाहिलं.

निघताना आम्ही फरशीवर उभं राहून "ओजामा शिमाशिता" म्हटलं, तुम्हाला तसदी दिली. चिंधी मी खिशात घातली. इथे कुणी कचरा मागे टाकून जात नाही.

डिसेंबरात ताई पुण्याला गेल्या. तिथून फोन आला. घंटा देवात ठेवली आहे, रोज वाजवते, आणि आता झोप लागते. विजयकुमारांनी फोन घेऊन नुसतं "आभार" म्हटलं आणि लगेच तो ताईंकडे परत दिला.

ती चिंधी त्या दिवसापासून माझ्या कामाच्या कोटाच्या खिशात होती. कोट धुवायला काढला तेव्हा सापडली. दुसऱ्या दिवशी जाळायच्या कचऱ्याचा वार होता. इतकी मातकट वस्तू पिशवीत टाकवेना, म्हणून नळाखाली धरली.

पाणी आधी तपकिरी गेलं. मग लालसर.

मी ती खिडकीशी नेऊन सपाट केली. लाल सुती काठ, त्यावर पांढरी रुईफुलं. कपाटातून उरलेली साडी काढली आणि कड शेजारी ठेवली. फाडताना माझा हात एका ठिकाणी तिरका गेला होता. दोन्ही कडा तिथे बरोबर जुळल्या.

माती घट्ट होती, हे मी वहीत त्याच दिवशी लिहून ठेवलं होतं.

जी घंटा त्या पहाटे वाजलीच नाही, ती नंतर कुणी कशाला बांधील, हा प्रश्न मी अजून ताईंना विचारलेला नाही. विचारणारही नाही. नाकानिशी-सानांचा डबा त्या ज्या विश्वासाने घेत, त्याच विश्वासाने त्यांनी, मी बोलावलं नव्हतं, हा त्यांचा निरोपही घेतला आहे.

पट्टी मी साबणाने धुऊन वाळत घातली. वाळल्यावर घडी करताना नाकाजवळ नेली. मातीचा वास गेला होता. साबणाचाही नव्हता. नुकत्याच सोललेल्या मिकानचा होता.