हाती देण्याआधी

घरात सगळे तिला थोरली म्हणत, आणि थोरलेपणाची सगळी कामं बिनबोभाट तिच्याच गळ्यात पडत. धाकटा भाऊ परदेशात बसून फोनवरून काळजी करायचा. आईजवळ ती एकटीच. आई बाथरूममध्ये दोनदा पडली, तेव्हा वृद्धनिवासाचा विषय काढणं भागच होतं. पण आईशी बोलायचं कसं? शब्द रोज थोरलीच्या ओठांवर यायचे आणि रोज माघारी जायचे.

गंमत म्हणजे अशाच एका वृद्धनिवासाचं सॉफ्टवेअर सांभाळून ती पोट भरत होती. रोज सकाळी प्रोग्राम सुरू झाला की त्यात प्रत्येक खोलीसाठी एक ‘वस्तू’, म्हणजे माहितीचा एक कप्पा, तयार व्हायची. पडदा किती उघडा, पलंगाची उशाकडची बाजू किती वर, दिवा कुठला, हे सगळं त्या वस्तूत असायचं, आणि खोली त्याप्रमाणे वागायची. या वस्तू थोरली स्वतः घडवत नसे. ते काम फ्रेमवर्कचं, म्हणजे प्रोग्रामखालच्या आयत्या सांगाड्याचं. ज्याला जे लागेल ते घडवून आयतं हातात ठेवायचं, हा त्याचा धर्म. थोरलीने मध्ये फक्त आपली एक पायरी घुसवली होती. वस्तू घडली, पण अजून कुणाच्या हाती गेली नाही, एवढ्या फटीत त्या खोलीत राहणाऱ्याच्या सवयी वस्तूत भरायच्या. रिकाम्या खोलीची वस्तू कोरीच पुढे जायची.

एका सकाळी टोकाच्या रिकाम्या खोलीची वस्तू भरून आली.

पडदा अर्धा. उशाकडची बाजू जराशी वर. दिवा पायथ्याशी, मंद. बाथरूमचं दार फटभर उघडं.

“तूच भरलं असशील आणि विसरली असशील,” शेजारी बसणारा टेस्टर म्हणाला. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधण्याचाच त्याला पगार मिळायचा, म्हणून ऑफिसात त्याचं नाव पडलं होतं शंकासुर.

“मी नाही भरलं.”

“मग तुझ्याआधी दुसऱ्या कुणाची तरी पायरी लागतेय.”

दोघांनी सगळा कोड पालथा घातला. दुसरी पायरी नव्हतीच. मग थोरलीने तीच वस्तू फ्रेमवर्कला न विचारता स्वतःच्या हाताने घडवून पाहिली. कोरी निघाली. फ्रेमवर्ककडून मागितली, की भरलेली. तिने सगळं पुसून टाकलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा जसंच्या तसं.

शंकासुराने चष्मा काढून पुसला. एरवी त्याच्याकडे दहा शंका असत, आज एकच होती.

“तिथे राहायला कोण येणार आहे गं?”

“कुणीच नाही.”

हे खोटं होतं की खरं, तिचं तिलाच ठरवता येईना. अर्धा पडदा आईचा. पायथ्याचा दिवाही आईचा. तिला मिट्ट अंधार सोसत नाही आणि डोळ्यांवर उजेडही नको असतो. दाराचं तेवढं थोरलीला उमगलं नाही. ती घाबरली, आणि त्या भीतीच्या आड तिला हायसंही वाटलं. कुणीतरी तिच्या वाट्याचं बोलून टाकलं होतं. त्या हायसं वाटण्याची मात्र तिला फार लाज वाटली. माणूसही असाच कुठे भरला जात असेल का, घडल्यावर आणि आईच्या हाती येण्याआधी, हा विचार दिवसभर तिच्या डोक्यातून जाईना.

त्या संध्याकाळी तिने आईपाशी विषय काढला. आई जराही चिडली नाही. “बघून तर येऊ,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात दोघी ती टोकाची खोली बघायला गेल्या. आई पलंगावर टेकली, हात फिरवून गादी पाहिली. मग तिची नजर बाथरूमकडे गेली.

“ते दार कुणी उघडं ठेवलं?”

“का? लावू?”

“नको, नको. बंद दाराची मला लहानपणापासून धास्ती आहे.” आई थांबली. “पण हे मी कुणाला सांगितलेलं नाही गं. तुझ्या बाबांनासुद्धा नाही.”

मग आई हसली. कुणीतरी आपली वाट बघत होतं असं वाटतंय, म्हणाली, आणि तिथेच राहिली.

थोरली निघाली तेव्हा आईने तिचा हात धरून ठेवला. “माझं सगळं तू केलंस. तुझं कोण करणार?”

“तेव्हाचं तेव्हा बघू, आई.”

दुसऱ्या सकाळी थोरली ऑफिसात आली तेव्हा शंकासुर उभाच होता.

“आईच्या शेजारची रिकामी खोली,” एवढंच तो म्हणाला.

थोरलीने खुर्ची पुढे ओढली.

पडदा पूर्ण बंद. गारवा भरपूर. सकाळची सूचना देणारा आवाज बंद. उशी एकच, पातळ.

थोरली स्वतः अशीच झोपायची.

उठताना धरायचा दांडा फक्त डावीकडे. घंटेचं बटण डावीकडे. दिव्याचं बटणही डावीकडेच. लकव्याने उजवी बाजू ज्यांची गेलेली असते, त्यांच्या खोल्यांत लावतात तसं.

“कुणाची आहे?” शंकासुराने हळूच विचारलं.

थोरलीने टेबलाखाली उजव्या हाताची मूठ वळली. उघडली. पुन्हा वळली. अजून तरी हात तिचं ऐकत होता.