बहात्तर किलोचं बाळ

"मला निर्दोष ठरवा असं मी म्हणत नाही," सिस्टर म्हणाली. "मी नेमकं काय केलं, एवढंच मला कळू दे."

शंकाबाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. शंकाबाई हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. खासगी तपासाच्या धंद्यात केस पिकल्यावर गल्लीने ते त्यांना बहाल केलं होतं. खिडकीपाशी त्यांचा दीर बसला होता. दुकान मुलाकडे सोपवल्यापासून वहिनींच्या तपासाला तो सावलीसारखा असे. जीव लावून ऐकायचा, समजायचं मात्र जरा सावकाश.

"सुरुवातीपासून सांगा," शंकाबाई म्हणाल्या.

सिस्टर लहान मुलांच्या वॉर्डात काम करायची. सात महिन्यांच्या एका बाळाला शिरेतून औषध द्यायचं होतं. ते काम पंप करतो. बाळाचं वजन टाकलं की औषध किती वेगाने सोडायचं ते पंप स्वतःच काढतो.

"वजन होतं सात पॉइंट दोन. मी तेच दाबलं. पण पंपाने नोंदवलंय बहात्तर."

"पडद्यावर पाहिलं होतंत?"

"पाहिलं असेन. शेजारच्या खाटेवरचं पोर ओकत होतं, मी तिकडे वळले. परत आले तर बाळ निपचित. मीच नळी बंद केली." तिचा आवाज सपाट होता, पाठ केल्यासारखा. "औषध दहापट गेलं होतं. बाळ आता श्वासाच्या मशीनवर आहे. मला घरी बसवलंय. त्याच्या आईला सांगितलंय, मशीनचं काहीतरी झालं."

"आणि बहात्तर किलोच्या बाळाबद्दल पंप काहीच बोलला नाही?"

"नाही ना. एरवी इतका ओरडतो. त्याच दिवशी सकाळी दुसरीने वजनाची जागा रिकामी ठेवली, तर वॉर्ड डोक्यावर घेतला. आणि आदल्या आठवड्यात त्या दांडग्या मुलाच्या वेळी तर नाटकंच केली."

"कोण दांडगा मुलगा?"

"वयाने पोरच, पण अंगाने भरलेला. पंप त्याच्यासाठी चालूच होईना. मुलगा दुखण्याने तळमळत होता. डॉक्टरांनी कुठेतरी फोन लावला. दुसऱ्या दिवशी एक माणूस येऊन नीट करून गेला. मी वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला होते, पाठमोराच दिसला. 'आता कुरकुर करणार नाही,' एवढं ऐकू आलं. मग सगळं सुरळीत."

दीर हळहळला. "मशीनचा काय भरवसा."

शंकाबाईंनी पंपाच्या कंपनीचा पत्ता लिहून घेतला.

पंपाचा प्रोग्राम लिहिणारी कंपनी एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत होती. खालून कपड्यांच्या वाफेचा वास येत होता. कंपनी भावाबहिणीची. थोरला व्यवहार बघायचा, धाकटी कोड लिहायची. तिसरा माणूस तपासणीचा. तो पूर्वी शाळेत गणित शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत.

थोरल्याने स्वतः खुर्च्या पुढे केल्या. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले.

"तुमचा वेळ वाचवतो," तो म्हणाला. "दोष माझा आहे. आमच्या कोडमध्ये तपासण्या असतात. चुकीचा आकडा आला की काम तिथेच थांबतं. पण त्या आम्ही फक्त इथे, ऑफिसात चालू ठेवतो. रुग्णालयात जाणाऱ्या आवृत्तीतून काढून टाकतो. सगळ्याच. पुष्कळ कंपन्या करतात असं. तपासत बसलं की यंत्र मंदावतं, वर सारखी कुरकुर. गिऱ्हाइकाला कुरकुर नको असते."

"तुमच्या बहिणीला हे माहीत होतं?"

"ती बाळंतपणाच्या रजेवर होती. अपघाताचं कळल्यावर धावत आली. तोवर मी तिला कामासाठी एकदाही फोन केला नाही. ओल्या बाळंतिणीच्या डोक्याला कशाला ताप?" हे सांगताना त्याचा चेहरा क्षणभर निवळला.

मास्तर पलीकडच्या टेबलाशी बसले होते. समोर तसाच एक पंप होता.

"दोष माझा आहे, बाई," ते म्हणाले. "धाकटी रजेवर जायच्या आधी हा प्रोग्राम मी तपासला. वजन म्हणून शून्य दिलं, उणे आकडा दिला, शेवटी माझं स्वतःचं एकसष्ट किलो वजन दिलं. दर वेळी पंप थांबला. मी पास केलं."

"मग दोष कसला?"

"त्यानंतर मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पास झालेल्याचा पेपर कोण परत तपासतो? पण मी तपासायला हवा होता."

शंकाबाई बोलता बोलता पंपाच्या कळांशी चाळा करत होत्या. "घरी कोण कोण असतं, मास्तर?" विचारत त्यांनी सात, पॉइंट, दोन दाबलं. पडद्यावर बहात्तर उमटलं.

"पॉइंटची कळ जरा कडक आहे," मास्तर ओशाळून म्हणाले. "नेटाने दाबावी लागते."

धाकटी आतल्या खोलीत होती. टेबलावर फोन उताणा ठेवलेला. त्यावर तिच्या झोपलेल्या तान्ह्याचा फोटो होता, नुकताच घरून आलेला. तिने तो पालथा केला.

"मला कोडमधलं काही कळत नाही," दीर म्हणाला. "आमच्यासारख्याला समजेल असं सांगा."

"कोडचे छोटे तुकडे असतात. त्यांना मेथड म्हणतात. एक तुकडा वजन घेतो आणि औषधाचा वेग काढून देतो. मी अशा प्रत्येक तुकड्याशी करार करते. त्याच्या दोन बाजू. आत येणाऱ्या आकड्याला अट. हा मुलांचा पंप आहे, म्हणून वजन शून्याच्या वर आणि चाळीसच्या आत हवं. आणि बाहेर पडणाऱ्या उत्तराची हमी. वेग मुलांच्या मर्यादेच्या वर जाणार नाही. कुठलीही बाजू मोडली की पंपाने थांबून ओरडायचं."

"म्हणजे शिंप्यासारखं," दीर म्हणाला. "माप नीट द्या ही त्याची अट. सदरा अंगाला बसेल ही हमी."

"तसंच." ती हसली नाही. "फक्त अट लिहिताना मी चुकले. चाळीसच्या जागी शंभर लिहिलं. अगदी पहिल्या दिवसापासून तसंच आहे. बहात्तर त्यातून आरामात आत गेलं. दोष माझा."

"आत गेलं, ठीक," शंकाबाई म्हणाल्या. "पण बहात्तर किलोचा वेग मुलांच्या मर्यादेच्या किती तरी वर असणार. बाहेर पडताना हमीने का नाही अडवलं?"

धाकटीने पालथ्या फोनवर हात ठेवला.

"ती... ती पण मीच काढून टाकली असेन."

"आठवत नाही?"

"काढली असेन," ती पुन्हा म्हणाली.

रस्त्यावर आल्यावर दीर म्हणाला, "वहिनी, तीन माणसं, तीन कबुल्या. सिस्टर धरली तर चार. आपल्याला काय काम उरलं?"

"त्या कबुल्या एकमेकींशेजारी ठेवून बघा, भावजी. एक खरी धरली की दुसरी खोटी पडते. उद्या सकाळी सिस्टरलाही इकडेच बोलवा."

सकाळी थोरल्याच्या खोलीत सगळे दाटीवाटीने बसले. सिस्टर दाराजवळच्या स्टुलावर टेकली. तिच्याकडे कुणालाच बघवत नव्हतं.

"आधी मालक," शंकाबाईंनी सुरुवात केली. "तुम्ही म्हणता, रुग्णालयातल्या आवृत्तीत एकही तपासणी नव्हती. मग अपघाताच्याच दिवशी सकाळी रिकाम्या वजनाला पंप ओरडला कसा? तपासण्या तिथे होत्या. तुमची कबुली खोटी."

"आता तुम्ही," त्या धाकटीला म्हणाल्या. "शंभरचा आकडा पहिल्या दिवसापासून होता म्हणालात. मग मास्तरांच्या एकसष्ट किलोला पंप का थांबला? त्या वेळी अट चाळीसचीच होती. रुग्णालयातही ती चाळीसचीच गेली. त्या दांडग्या मुलासाठी पंप चालूच होईना, आठवतंय सिस्टर? तुम्हाला ती नाटकं वाटली. ती नाटकं नव्हती. पंप आपलं काम चोख करत होता. मुलांच्या पंपावर मोठ्या माणसाचं वजन तो घेत नव्हता."

सिस्टरने मान वर केली.

"मग एक माणूस आला आणि पंप गप्प झाला. त्याने आधी चाळीसचे शंभर केले असणार. तरी पंप थांबलाच, कारण आता बाहेरची हमी आडवी आली. म्हणून त्याने तीही काढली. रिकाम्या वजनाची अट त्याच्या वाटेत नव्हती, ती तशीच राहिली. पुढच्या आठवड्यात पॉइंटची कळ नीट दाबली गेली नाही. बहात्तर आत शिरलं आणि बाहेरही पडलं."

"तो माणूस कोण?" दीराने विचारलं.

"आधी या धाकटीचं बघू. ज्या हाताने हमी लिहिली तो हात ती खोडताना जड होतो, आणि खोडली तर ते लक्षात राहतं. 'काढली असेन' असं माणूस स्वतःच्या अशा कामाबद्दल म्हणत नाही. परत आल्यावर तिने बदललेलं कोड पाहिलं, आणि कुणी बदललं ते ओळखून दोष स्वतःवर घेतला. मास्तर? बदल त्यांनी केला असता तर एकसष्टची गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली नसती. अट पहिल्यापासून शंभरचीच होती असं सगळ्यांना वाटू दिलं असतं. उरलं कोण?" शंकाबाई थोरल्याकडे वळल्या. "सिस्टरने ऐकलेल्या त्या माणसाच्या वाक्यात एक शब्द होता. कुरकुर. या इमारतीत तो शब्द मी एकाच तोंडून ऐकला. तोही दोनदा."

खालच्या लाँड्रीत कुणीतरी वाफेचा झोत सोडला.

"रजेत तिला एकदाही फोन केला नाही म्हणालात. ते मात्र खरं आहे," शंकाबाई सावकाश म्हणाल्या. "करायला हवा होता."

थोरला बोलायला लागला. "डॉक्टर म्हणाले, पोरगा कळवळतोय, आत्ताच्या आत्ता काहीतरी करा. हिला बाळ होऊन आठवडाही झाला नव्हता. पूर्वी मीही कोड लिहायचो. वाटलं, एक आकडा तर बदलायचाय. बदलला, तरी थांबला. मग हमीची ओळ दिसली. तीही काढली. तो मुलगा शांत झोपला. मला फार बरं वाटलं होतं हो त्या दिवशी."

"आणि बाळाचं कळल्यावर?"

"मला तेव्हाच कळलं. तपासण्या सगळेच काढतात असं म्हटलं तर तो दोष माझ्या एकट्याचा राहत नाही."

"माझा मात्र एकटीचा राहिला," सिस्टर म्हणाली. ती रागावून बोलली नव्हती. म्हणूनच थोरल्याने तोंड झाकून घेतलं.

"दादा," धाकटी म्हणाली. ती केव्हाच उठून त्याच्या कॉम्प्युटरशी गेली होती. "ही आवृत्ती आणखी कुठे दिलीस?"

त्याने हात खाली घेतले. इतका वेळ हा प्रश्न खोलीतल्या कुणालाच सुचला नव्हता, शंकाबाईंनासुद्धा.

"आणखी दोन रुग्णालयांत. नवी आवृत्ती म्हणून."

"फोन लाव."

त्याने फोन उचलला. नंबर लावला. धाकटी मागे उभी राहिली, पण तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही.

"मुलांचा वॉर्ड द्या," तो म्हणाला. "पंपाच्या कंपनीतून बोलतोय. आमचे सगळे पंप आत्ता बंद करा, औषध हाताने द्या... नाही, बिघाड नाही झालेला. मी त्यातली सुरक्षा काढली होती. हो, मी स्वतः. माझं नाव लिहून घ्या."

दुसरा फोनही त्याने तसाच केला. मास्तर पंप पुढ्यात ओढून पुन्हा शून्यापासून तपासायला बसले.

जिन्यात सिस्टरने शंकाबाईंना गाठलं. "म्हणजे आकडा माझ्याकडूनच चुकला."

"हो. कळ कडक आहे हे खरं, पण पडद्याकडे तुम्ही पाहिलं नाहीत. माझ्या हातूनही तेच झालं, फक्त माझ्यासमोर बाळ नव्हतं."

"मग मी सुटले नाही."

"नाही," शंकाबाई म्हणाल्या. खोटं बोलून तिला दिलासा देणं त्यांना सहज जमलं असतं. "पण जे तुमचं नव्हतं, तेही तुम्ही उचलून फिरत होतात. तेवढं खाली ठेवा."

सिस्टर तिथूनच रुग्णालयात गेली. दीर सोबत गेला. बाळ त्या सकाळपासून आपलं आपण श्वास घेत होतं, पुढचं मात्र डॉक्टरही सांगत नव्हते. आई बाहेरच्या बाकावर बसली होती. सिस्टरने तिच्यासमोर उभ्याने सगळं सांगितलं, आपल्या चुकीपासून सुरुवात करून.

"इतके दिवस सगळे मशीन मशीन म्हणत होते," आई म्हणाली. "नळी कुणी बंद केली?"

"मी."

"कशावरून कळलं तुम्हाला?"

"मूठ सैल पडली होती. तो झोपेतसुद्धा मूठ मिटून असतो."

आईने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती. मग ती बाकावर थोडी सरकली.

"बसा," ती म्हणाली. "आत सोडतील इतक्यात. आज मूठ मिटतोय का, ते बघून सांगा."